समुद्राची बैठक घाटावर

समुद्राची बैठक लोणावळ्याला भरणार आहे आणि तीन दिवसांचा स्वयंपाक आपल्या गटाकडे आलाय, असं मी वाडीत सांगितलं, तेव्हा आमच्यातल्या थोरल्या बाईने तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "समुद्र लोनावळ्याला कवा आला?"

सगळ्या हसल्या, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. आमचं मावळ म्हणजे डोंगर, भात आणि धरणं. कड्यावर जाऊन उभं राहिलं तर खाली कोकण दिसतं. हवा निवळ असली तर लांबवर एक चकाकती रेघही दिसते, आणि ती समुद्राची की खाडीची यावर गुराख्यांच्या पैजा लागतात. आमचा समुद्राशी संबंध तेवढाच. आमच्या नद्यासुद्धा त्या बाजूला जात नाहीत. समुद्राच्या इतक्या जवळ उगम पावून त्याच्याकडे पाठ फिरवतात आणि पूर्वेकडे चालू लागतात.

मग बैठक इथे का, ते मला ती भरवणाऱ्या सरांनी सांगितलं. हे सर तरुण, हुशार आणि सतत घाईत असायचे, चहाचा कप हातात घेऊन प्यायचे विसरायचे. ते म्हणाले, "मावशी, बंदरात बैठक घेतली की ज्याचं बंदर त्याचे पंच, असं होतं. याआधी दोनदा घेतली आणि दोनदा मोडली. म्हणून म्हटलं, जिथे समुद्रच नाही अशा गावी घेऊ." मला ते लगेच पटलं. आमच्याकडेही दोन भावांचं बांधाचं भांडण तिसऱ्याच्या अंगणात बसून मिटवतात.

आमचा गट सात जणींचा. वडगावपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. लोणावळ्याबाहेरच्या एका प्रशिक्षण केंद्राचं स्वयंपाकघर आम्ही चालवतो. एरवी तिथे कंपन्यांचे साहेब येतात, शिक्षक येतात, तेल कमी घाला म्हणतात आणि भजी दोनदा मागून घेतात. गटाची प्रमुख मी, कारण दहावीपर्यंत गेलेली मी एकटीच, आणि भांडण निघालं तर पुढे घालायला कुणीतरी लागतंच. माझी जीभ तिखट आहे हे मला ठाऊक आहे. त्याबद्दल मी कधी कुणाची माफी मागितलेली नाही.

बैठकीच्या सकाळी दारावर कापडी फलक लागला, 'शाश्वत सागरी अर्थव्यवस्थेसाठी प्रादेशिक सहकार्य'. आमच्यातल्या एकीने तो अक्षर अक्षर लावून वाचला आणि म्हणाली, "येवढं बोलंपतुर भात करपंल." मी सरांना अर्थ विचारला. समुद्रावर पोट भरणाऱ्यांनी तो असा वापरायचा, की नातवंडांचंही पोट त्यावर भरलं पाहिजे, असं ते म्हणाले. आणि हे एका गावाने करून भागत नाही, शेजाऱ्यानेही करावं लागतं, कारण मासा कुणाची हद्द मानत नाही. मग असंच लिहायला काय झालं होतं, हे माझ्या तोंडाशी आलं होतं, पण पाहुणे उतरायला लागले होते म्हणून गप्प बसले.

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे लोक होते, गोव्याचे होते, कारवारकडचे होते, वर गुजरातचे होते. मच्छीमार संस्थांचे अध्यक्ष, मोठ्या बोटींचे मालक, मासळी विकणाऱ्या बायका आणि वह्या घेऊन आलेले दोन-तीन अभ्यासक. प्रत्येकाची भाषा वेगळी आणि सगळ्यांची मिळून एक मोडकी हिंदी. बोलायला विषय पुष्कळ होते. बर्फाचा कारखाना भागीत चालवणं, सुक्या मासळीला एकत्र बाजार मिळवणं, किनाऱ्यावर येऊन पडणारं प्लास्टिक. त्यावर सगळे माना डोलवत. भांडण होतं ते एकाच गोष्टीचं, जाळ्याच्या आसाचं. आस म्हणजे जाळ्याचं भोक. तो मोठा ठेवला तर पिल्लं निसटून जातात, वाढतात, अंडी घालतात. बारीक ठेवला तर लहानमोठं सगळंच वर येतं. एका राज्याचा नियम एक, शेजारच्याचा दुसरा. यांच्या बोटी त्यांच्या पाण्यात शिरतात, आणि जो तो म्हणतो, आधी समोरच्याला सुधारायला सांगा. सगळ्यांनी एकच आस ठेवायचा आणि हद्दीची राखण मिळून करायची, एवढाच करार व्हायचा होता.

एवढ्याशा करारावर काय अडून होतं, ते मला रायगडच्या एका कोळीण मावशींकडून कळलं. पहिल्याच सकाळी त्या स्वयंपाकघरात आल्या, "मना बसून राहवत नाय, बाय," म्हणाल्या, आणि विळी ओढून कांदे चिरायला बसल्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, केसात अबोलीचा गजरा, हात असे की विळी त्यांच्यापुढे मऊ वाटावी. त्यांची एक लहान बोट. दोन मुलगे. धाकट्याने समुद्र सोडला आणि घाट चढून तळेगावच्या कारखान्यात लागला. थोरला अजून बोटीवर होता, पण किनाऱ्याजवळ मासळीच उरली नव्हती. मोठ्या बोटी बारीक जाळी ओढून सगळं खरवडून नेत होत्या. त्याने आईला सांगितलं होतं, या बैठकीत करार झाला तर थांबतो, नाही झाला तर पावसाळ्याआधी बोट विकतो.

"इकली की गेली," मावशी म्हणाल्या. "बोट परत घेता येत नाय. सासऱ्यानं बांधलेली हाय." कांद्यामुळे डोळ्यात पाणी होतंच, त्यामुळे त्यांना ते लपवावं लागलं नाही.

पहिला दिवस बरा गेला. आमच्या इंद्रायणी तांदळाच्या भाताचा वास सभागृहापर्यंत पोचला, आणि गोव्याच्या एका गृहस्थांनी आत येऊन भात कोणी केला असं विचारलं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मासे करायचे असं मी ठरवलं. घाटावरच्या बायका समुद्राच्या माणसांना मासे खाऊ घालणार, म्हणजे शेतकऱ्याला भाताचं रोप भेट देण्यासारखंच, पण आपल्या घरी आलेल्याला त्याच्या आवडीचं द्यावं, असं आम्हाला शिकवलेलं आहे.

आता इथे आमच्या वाडीची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढची चूक कळायची नाही. उन्हाळ्यात नदी आटली की वाडी मिळून मासे धरते. मासे पळसाच्या पानांवर मांडून वाटे करतात, जितकी घरं तितके वाटे. ज्या घरचं कुणी येऊ शकलं नाही त्यांचाही वाटा असतो. वाटे करणाऱ्याने आपला वाटा सगळ्यांच्या शेवटी उचलायचा. मोठा मासा कापून एकाला डोकं आणि दुसऱ्याला शेपूट असं आमच्यात करत नाहीत, त्यातून रुसवेफुगवे होतात. पंगतीतही तसंच. पाहुण्याला अख्खा मासा वाढायचा आणि सगळ्यांचा सारखा.

मी तळेगावच्या बाजारात गेले. मासेवाल्याने मोठ्या सुरमईचे काप दाखवले. ते मी नाकारले, कारण कुणाला मधला काप जाणार, कुणाला शेपटीकडचा. तेवढ्यात दुसऱ्या पेटीत मला तळहाताएवढी पापलेटं दिसली, एकसारखी, चकचकीत. "कवळी हायेत, मावशी," तो म्हणाला. कोवळी म्हणजे चांगली, मेथी असो की भेंडी, हेच आमचं शास्त्र. प्रत्येकाला एक अख्खं येईल इतकी मोजून घेतली आणि माझ्या हुशारीवर मी खूश होऊन लोणावळ्याला परतले.

कोळीण मावशी त्या सकाळी सभागृहात होत्या, म्हणून त्यांनी पापलेटं आधी पाहिली नाहीत. पाहिली असती तर हे लिहायला काही उरलंच नसतं.

ताटं वाढली. तांदळाची भाकरी, भात, आमटी आणि मधोमध तांदळाच्या पिठात घोळवून तळलेलं पापलेट, डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खं. मी दारात उभी राहून पाहत होते. कुणीतरी कौतुकाने मान वर करील, अशी वाट पाहत होते. कुणीच करेना. हळूहळू बोलणं थांबलं. मावशींनी आपल्या ताटातलं पापलेट उलटं केलं, त्यावर बोटं ठेवून लांबी पाहिली आणि हात ताटाबाहेर काढला.

"हिनं एकदा बी अंडी नाय घातली," त्या म्हणाल्या.

शेजारच्या राज्यातल्या मोठ्या बोटींच्या संघटनेचे अध्यक्ष समोरच बसले होते. भारदस्त माणूस, पांढरे केस, आवाज खर्जातला. ते हिंदीत सरांना म्हणाले, की हे तुम्ही मुद्दाम केलंय, आमची लाज काढायला आमच्याच ताटात पिल्लं वाढलीत. लगेच पलीकडून कुणीतरी म्हणालं, लाज वाटायला ती तुमच्याच जाळ्यातली असली पाहिजेत. मग काय विचारता. ही कुठल्या बंदरातून आली असतील, कुणाचा आस किती बारीक, कुणाच्या बोटी कधी कुठे शिरल्या, सगळं बाहेर पडलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हे काय फक्त आमच्या वाडीतच चालतं थोडंच. अध्यक्ष उठले. त्यांच्यामागून त्यांची माणसं उठली, मग दुसरेही उठले. ताटं तशीच राहिली.

सर स्वयंपाकघरात आले. त्यांचा चेहरा पडला होता. "मावशी, ते म्हणतायत संध्याकाळच्या गाडीने जातो. गेले तर संपलं, चौथ्यांदा कुणी येणार नाही." मला दोष देणारा एक शब्द ते बोलले नाहीत. ते मला जास्त लागलं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझ्यामुळे एका बाईची बोट जाणार होती. एवढं कळत होतं, लाजही वाटत होती, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी लाजेपेक्षा राग मोठा होता. भरल्या ताटावरून उठून जाणं यासारखा अपमान आमच्याकडे दुसरा नाही. वैरीसुद्धा घास संपवून मग भांडतो. मी हात पुसले आणि सरळ सभागृहात गेले. थोरल्या बाईने मागून पदर ओढला, तो सोडवून गेले.

आत सगळे सामान आवरत होते. मी सुरुवात अगदी शाळेतल्या मराठीत केली. म्हटलं, सरांनी काही केलेलं नाही, मासे मी आणले, प्रत्येकाला अख्खा मिळावा म्हणून लहान आणले. आमच्या वाट्यांची रीत सांगितली. आम्हाला समुद्रातलं कळत नाही, चुकले, असंही म्हटलं. एक तरुण गृहस्थ हसले आणि म्हणाले, "म्हणजे नदीतली पिल्लंही अशीच कोवळी म्हणून खाता का?"

त्या हसण्याने माझी शाळेतली मराठी संपली. "न्हाई खात," मी म्हणाले. "आमच्या वाडीखाली देवाचा डोह हाय. वर देवी, खाली पाणी. त्या डोहात गळ न्हाई, जाळं न्हाई. मासं तितं मोठं व्हतात, तितंच अंडी घालतात, आन् पावसाळ्यात भाईर पडून खाली येतात. आमी खातो ते डोहाच्या खालचं. डोहातलं न्हाई. आमची नदी तुमच्या समुद्राला मिळत बी न्हाई, पर येवढी अक्कल आमाला हाय."

सगळे थांबून ऐकत होते, सर माझं बोलणं हिंदीत करून सांगत होते. अभ्यासकांपैकी एकीने वही उघडली. पण ते भारदस्त अध्यक्ष पिशवीची चेन लावत म्हणाले, की बाई, तुमच्या डोहावर देवी बसलेली आहे. समुद्रावर कोणती देवी पहारा करणार? आणि देवी असली तरी चोरी करणारा करतोच. ते उद्धटपणे बोलले नाहीत. थकलेल्या माणसासारखे बोलले.

आणि मग मी जे बोलले ते माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

"करतोच," मी म्हणाले. "माझ्या बापानं केली."

मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. नदी आटलेली होती. आई बाळंत होऊन पडली होती आणि धाकट्या भावाला अंगावर पाजायला तिला दूध येत नव्हतं. माशाचं कालवण दिलं की दूध येतं, असं सुईण म्हणाली. मासा तर डोहाशिवाय कुठेच नव्हता. एका सकाळी बाबा लवकर बाहेर गेले आणि धोतराच्या सोग्यात काहीतरी गुंडाळून परत आले. आईने कालवण खाल्लं. दोन दिवसांनी तिला दूध आलं. कुणी पाहिलं नव्हतं, कुणाला संशयही नव्हता. पण पुढच्या मंगळवारी वाडी देवीच्या पारावर बसली असताना बाबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "डोहातला मासा म्या घेतला. दुसऱ्या कुनावर आळ नको."

आमच्यात त्याला दंड नाही. ज्याने डोह मोडला त्याने पारावर स्वतः सांगायचं, आणि मग वर्षभर डोहाची राखण त्यानेच करायची, ही रीत. बाबांनी वर्षभर राखण केली. कामावरून आले की काठावर जाऊन बसत. वाडीतली पोरं मला 'डोहचोराची पोर' म्हणून चिडवत. मी बाबांचं बोट धरून बाजाराला जायचं सोडून दिलं. कुणी पाहिलं नव्हतं तर सांगितलंच कशाला, असं मी त्यांना एकदा रागाने विचारलं होतं. ते म्हणाले होते, "न्हाई सांगितलं, तर उद्या दुसरा बी न्हाई सांगायचा. मंग डोह राहील का?" मला ते तेव्हा पटलं नव्हतं, आणि पुढेही ती गोष्ट मी झाकूनच ठेवली.

हे सगळं मी त्या सभागृहात बोलले. कसं बोलले ते आठवत नाही. एवढंच आठवतं, की शेवटी मी म्हणाले, "देवी कुनाला धरत न्हाई, सायेब. डोह राहिला तो सांगनाऱ्यामुळं." आणि परत फिरले.

दारापर्यंत पोचले नव्हते तोच मागून मावशींचा आवाज आला. त्या उभ्या राहिल्या होत्या. मोठ्या बोटींनी नाडलेल्या त्या, तक्रार करायला आलेल्या त्या. आणि त्या म्हणाल्या, "माझे टोपलीत पन असली पिल्ली असतात. ज्या दिवशी दुसरा काय नसतं त्या दिवशी मीच इकते. बाजारात मीच बसते, दुसरा कोन नाय." एवढं बोलून त्या खाली बसल्या.

अध्यक्षांनी पिशवी खाली ठेवली. ते म्हणाले, की गेल्या मोसमात आमच्या बोटी हद्दीच्या आत गेल्या होत्या. आस बारीक होता. मला माहीत होतं, आणि तसं काही झालं नाही असं लिहून मी सही केली होती. त्यांच्याच माणसांनी त्यांच्याकडे चमकून पाहिलं. मग सिंधुदुर्गाकडचे एक जण बोलले, मग कारवारकडचे. कुणी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही. मला हसणारा तो तरुण सगळ्यात शेवटी बोलला आणि मान खाली घालून बोलला. त्याला मी माफ केलं, मनातल्या मनात.

संध्याकाळच्या गाडीने कुणी गेलं नाही. आम्ही जेवण गरम करून पुन्हा वाढलं, भाकरी आणि आमटी. पापलेटं मात्र कुणी खाल्ली नाहीत, आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही.

तिसऱ्या दिवशी मसुदा झाला. सकाळपासून दुपारपर्यंत वाद चालला होता, पण तो वेगळ्या प्रकारचा होता. आस किती, मोजायचा कुणी, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर पहिली राखण कोणत्या हद्दीत. मी चहा घेऊन दर तासाला आत जायचे आणि लागेल त्यापेक्षा जास्त वेळ उभी राहायचे. सर हसून पाहत. दुपारी वाचन झालं, आधी मराठीत, मग हिंदीत, मग ज्याने त्याने आपापल्या भाषेत आपल्या माणसांना सांगितलं.

एक कलम वाचताना सर थांबले आणि त्यांनी दाराकडे पाहिलं. कलम असं होतं, की कोणत्याही संस्थेच्या बोटीकडून नियम मोडला गेला, तर ते दुसऱ्याने दाखवून देण्याआधी त्या संस्थेने स्वतः सगळ्यांसमोर सांगायचं, आणि पुढच्या मोसमात सामाईक हद्दीची राखण त्याच संस्थेने करायची.

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. मागे आमच्या सहाही जणी येऊन दारात उभ्या होत्या. थोरल्या बाईने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "ह्ये तर आपल्या पाराचं हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्या बापाच्या राखणीची मला आयुष्यभर लाज वाटली होती. पाच भाषांतून ती वाचली जात होती आणि मोठमोठे बोटीवाले तिच्याखाली सह्या करत होते. मला अभिमान वाटला. साधासुधा नाही, छाती भरून येईल असा, आणि बाबा हयात नाहीत याचं दुःखही त्याच्यातच होतं.

अध्यक्ष सही करून बाहेर आले तेव्हा माझ्यापाशी थांबले. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि ते गाडीकडे गेले. हा करार उद्या मोडणार नाही असं मी कुणाला छातीठोक सांगणार नाही. समुद्र मोठा आहे आणि पोट त्याहून मोठं. पण आमचा डोहही मोडला होता, आणि अजून आहे.

मावशी निघायच्या आधी स्वयंपाकघरात आल्या. पिशवी खांद्याला होती, गजरा सुकलेला होता. मोबाइल कानाला न लावता समोर धरून बोलायची त्यांची सवय होती, त्यामुळे पलीकडचा थोरला मुलगा आम्हालाही ऐकू येत होता.

"झाला," त्या म्हणाल्या. "सगल्यांनी सही केली. बोट नको इकू."

पलीकडे वाऱ्याची घरघर येत होती. त्याने विचारलं, "खरंच, आये?"

"खरंच."

आमच्यातल्या दोघी डोळे पुसायला लागल्या. मी भांडी लावत असल्याचं दाखवलं. मावशींनी फोन तसाच समोर धरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाय, तुझे बापाचं नाव काय?"

मी सांगितलं. लग्नानंतर इतक्या मोठ्याने ते नाव मी बहुधा पहिल्यांदाच उच्चारलं, आणि गावासकट उच्चारलं. मावशींनी ते फोनवर लेकाला सांगितलं आणि ध्यानात ठेव म्हणाल्या. हा कोण, असं तो विचारत होता.

"आपल्यातलाच," त्या म्हणाल्या.